निळ्या रंगावरचा बाण

परवा संध्याकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो, तर एका कोवळ्या पोलिसाने मला अडवलं. काका कुठून आलात, बरोबर कोण आहे, ओळखपत्र आहे का. मी ऐंशी ओलांडलेला माणूस, हातात काठी, गुडघ्यांचे हे असे हाल. माझ्या सुनेला भयंकर राग आला. मला मात्र त्या पोराचा हात धरून दाबावासा वाटला. बाबा रे, फार उशीर केलास, मी मनात म्हटलं. या प्रश्नाने ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तो माणूस मातीआड गेला, त्यालाही आता जमाना झाला.

इनास तुस्कानो त्यांचं नाव. आम्ही इनासकाका म्हणायचो. बोळिंजच्या बाजूला आमचं पोस्ट होतं. एक कौलारू खोली, एक तराजू, एक बाक आणि मी. तिथे मी बारा-तेरा वर्षं पोस्टमास्तर होतो. आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे काका दिल्लीहून निवृत्त होऊन गावी परतले. संरक्षण खात्यात तीस वर्षं लेखनिक. काय काम करत होता असं कोणी विचारलं की सांगायचे, फायली पुढे ढकलत होतो. वाडीत केळी होती, पानवेली होत्या, पण त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. त्यांची बायको फिलूबाई म्हणायची, हा माणूस दिल्लीत होता तेव्हा गावाची काळजी करायचा, आता गावात आलाय तर देशाची करतो, माझ्या वाट्याला काही येतच नाही.

दर गुरुवारी अकराच्या सुमारास काका पोस्टात यायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, काखेत हिरव्या दोरीने बांधलेली फाईल. एक जाडजूड लिफाफा माझ्यापुढे ठेवायचे, पोचपावतीसह रजिस्टर. पत्ता दिल्लीचा, खात्याचा. मग बाकावर बसून मला त्यातला मजकूर सांगायचे. मला नको असला तरी सांगायचे. बोलायचेही फाईलच्या भाषेत. साधा चहा मागायचा तरी, "मास्तर, मुद्दा एक, डोकं दुखतंय."

त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि ते मी इतक्यांदा ऐकलंय की आजही झोपेत म्हणून दाखवीन. त्या दिवसांत पेपरात विमानं पळवल्याच्या, लोकांना ओलीस धरल्याच्या, परदेशात कुठे कुठे बॉम्ब ठेवल्याच्या बातम्या यायच्या. आम्ही वाचायचो आणि पेपरात केळी गुंडाळायचो. काका कात्रणं काढायचे. यापुढे युद्ध जाहीर करून कोणी येणार नाही, हा मुद्दा एक. फौज घेऊनही येणार नाही, हा मुद्दा दोन. सात-आठ माणसं येतील, साध्या कपड्यांत, आपल्यासारखीच दिसणारी. आणि आपली सगळी तयारी, सगळे रणगाडे, सगळं धोरण फौजेशी लढायचं. हा मुद्दा तीन.

मुद्दा चार समुद्राचा. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून असंख्य नकाशे गेले होते. त्या नकाशांवर शत्रू कुठून येईल ते दाखवणारे बाण असायचे. सगळे बाण डोंगरातून, वाळवंटातून, जमिनीवरून. "समुद्र निळा रंगवलेला असतो मास्तर," ते म्हणायचे, "निळ्या रंगावर कोणी बाण काढत नाही."

मी कधी कधी चेष्टा करायचो. काका, इथे उतरून ते नेणार काय, केळीचा लोंगर? ते हसायचे नाहीत. उलट थकल्यासारखे माझ्याकडे बघायचे. आपल्या किनाऱ्यावर चोरटी घड्याळं उतरतात हे तुम्हाला माहीत आहे ना, विचारायचे. माहीत तर सगळ्यांनाच होतं. ज्या वाटेने घड्याळ येतं त्याच वाटेने दुसरंही काही येईल, एवढं बोलून ते काडेपेटीतली काडी कानात घालून बसायचे. ती त्यांची सवय मला मुळीच आवडायची नाही.

पोचपावत्या मात्र वेळच्या वेळी परत यायच्या. शिक्का, कोणाची तरी वेडीवाकडी सही. काका ती सही डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि अमुक माणूस अजून तिथेच आहे, बढती मिळाली नाही वाटतं, असं पुटपुटायचे. पत्राचं उत्तर कधीच यायचं नाही.

एका हिवाळ्यात त्यांचा दिल्लीचा जुना सहकारी आला, सक्सेना नावाचा. गोरापान, गलेलठ्ठ, मराठीचा एक शब्द येत नव्हता. काकांनी त्या बिचाऱ्याला कामाला लावलं. वसईच्या पाचूबंदरहून एका कोळ्याच्या होडीत बसवलं, बरोबर एक मोठी पत्र्याची ट्रंक दिली आणि दिवसाढवळ्या राजोडीला वाळूवर उतरवायला लावलं. आपल्या किनाऱ्यावर परका माणूस परकी पेटी घेऊन उतरला तर कोणी हटकतं का, एवढंच बघायचं होतं. काका स्वतः लांब सुरूच्या झाडांत लपून वही घेऊन बसले.

सक्सेना वाटभर ओकत आला होता. तो वाळूवर उतरून मटकन खाली बसला, तर चार बायका धावल्या. एकीने लिंबाचं सरबत आणलं, एकीने पदराने वारा घातला. दोन बाप्यांनी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली. कुठे जायचंय ते खुणांनी विचारलं. सक्सेनाने इनास तुस्कानोचं नाव घेतलं, तशी सगळी वरात त्याला काकांच्या दारात सोडून आली. ट्रंकेत काय आहे, हा माणूस समुद्रातून का आला, कोणी विचारलं नाही. फिलूबाईने सगळ्यांना चहा दिला. काका झाडांतून घरी पोचले तोवर सक्सेना झोपून घोरत होता. त्या गुरुवारचा लिफाफा नेहमीपेक्षा जाड होता. मी हसून हसून बेजार झालो होतो, आणि काका म्हणाले, "हसू नका मास्तर. किती चांगली माणसं आहेत आपली. मला त्याचीच भीती वाटते."

मग त्यांनी घंटेचा घाट घातला. धोका दिसला तर गावाला कळवायचं कसं? टेलिफोन पंचक्रोशीत एक. काकांनी फादरांच्या मागे महिनाभर लागून परवानगी मिळवली. चर्चची घंटा एका ठरलेल्या तालात वाजेल, ती ऐकली की बाप्यांनी जे असेल ते काम टाकून किनाऱ्याकडे धावायचं. रविवारी मिसाच्या प्रार्थनेनंतर हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुवारी सकाळी दहाला सराव.

आता आमच्याकडे वेळी-अवेळी घंटा वाजली तर तिचा अर्थ एकच. कोणीतरी गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांचे कान तसे तयार झालेले, त्यांना काकांचा ताल काय कळणार? घंटा वाजली आणि माणसं वाड्यांतून बाहेर पडली, पण समुद्राकडे एकही गेला नाही. सगळे गेले मरीआजीकडे. ती म्हातारी सहा महिने अंथरुणाला खिळून होती, तिच्याशिवाय जाणार कोण? बायका रडतच आत शिरल्या. आजी पेज पीत बसली होती. घंटा तिनेही ऐकली होती, तिने वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, कोण गेलं गं? काका किनाऱ्यावर वही उघडून एकटेच उभे. दुपारी पोस्टात आले तेव्हा चेहरा उतरला होता. फादर परत घंटेला हात लावू देणार नव्हते आणि मरीआजीची सून शिव्या देऊन गेली होती. मी त्यांना पाणी दिलं. म्हणाले, चूक लोकांची नाही, घंटा कसली हे मला कळायला हवं होतं, मी याच गावचा ना.

त्यानंतर त्यांनी गावाचा नाद सोडला आणि पाचूबंदरला जाऊ लागले. एस.टी.ने वसई, पुढे किल्ल्यापर्यंत पायी. तिथे त्यांना बस्त्याव भेटला. सक्सेनाला आणणारी होडी याचीच. चाळिशीचा, काळासावळा, बोलायला कंजूष. कोळणी मासळीचा लिलाव करत असायच्या आणि हे दोघे जाळ्यांच्या ढिगाशी बसलेले. बस्त्यावने त्यांना एक गोष्ट सांगितली, आणि काकांना इतक्या वर्षांत जे सापडलं नव्हतं ते सापडलं.

समुद्रात दोन होड्या जवळून गेल्या की एकीतला माणूस हाक मारतो, काय गावलं? दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मासळी मिळो, न मिळो, भांडण असो की सोयरीक, उत्तर द्यायचं. खोटं सांगितलं तरी चालेल, पण गप्प जायचं नाही. "जो गप ऱ्हातो, तो आमचा नाय," बस्त्याव म्हणाला.

तो गुरुवार मला आठवतो. काका पोस्टात आले ते जवळजवळ धावत. मास्तर, पहारा आहेच की! म्हणत होते. रोज पहाटे शेकडो डोळे समुद्रावर आहेत आणि आपला कोण, परका कोण, हे एका हाकेत ओळखतात. सरकारने फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. सगळं धोरण बदलायचं तर इथून बदला. बावीस पानांचं टिपण होतं. मला ते पहिल्यांदाच पटलं, आणि मी तसं बोललोही. काका एवढे सुखावले की काडीही कानात घालायची विसरले.

पुढच्या पावसानंतर मासेमारी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बस्त्यावने खरोखरच एक बोट पाहिली. नंबर नाही, नाळ म्हणजे पुढचं टोक उंच, इंजिनाचा आवाज अनोळखी. त्याने दोनदा हाक मारली. बोटीतल्या माणसांनी तोंडं फिरवली. बस्त्यावने काकांना सांगितलं, आणि काकांनी लिहिलं.

इथे त्यांच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. तीस वर्षं त्यांनी एकही वाक्य आधाराशिवाय लिहिलं नव्हतं. कोणी पाहिलं, त्याचं नाव, गाव, होडीचा नंबर, हे नसेल तर टिपण परत येतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. तेव्हा त्यांनी तेही लिहिलं. आणि या वेळी प्रत जिल्ह्यालाही पाठवली. मी स्वतःच्या हाताने त्या लिफाफ्यांवर शिक्के मारले.

दिल्लीने नेहमीप्रमाणे काहीच केलं नाही. जिल्ह्याच्या लिफाफ्यावर मात्र कोणाचं तरी लक्ष गेलं. दहा दिवसांनी पाचूबंदरला एक जीप आली आणि बस्त्यावला घेऊन गेली. त्याची होडीही अडकवून ठेवली. ऐन मोसमात. अकरा दिवस तो आत होता. काका रोज तालुक्याला जाऊन उभे राहायचे, मी बातमी दिली, तो माझा माणूस आहे, सांगायचे. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.

बस्त्याव सुटून आला तेव्हा त्याचं डावं मनगट सुजलेलं होतं. काका त्याच्या घरी गेले. तो दारातच उभा राहिला. बोट कुठली, कशी, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. "ते इचारत व्हते, तू थय काय करत व्हतास? तुला कशी दिसली? तुज्याकरता थांबली व्हती काय?" मग तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

काका त्या दिवसापासून वाकले. साठी ओलांडलेला ताठ माणूस, एका मोसमात म्हातारा झाला. पाचूबंदरला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. ते जाळ्यांच्या ढिगाशी बसले की बाकीचे उठून दुसरीकडे जायचे. कोणी वाईट बोलायचं नाही. कोळणी त्यांना मासळी विकायच्या, पण भाव सोडून एक अक्षर बोलायच्या नाहीत. फिलूबाई मला म्हणाली, मास्तर, तुम्ही तरी सांगा, त्यांना शरम कशी वाटत नाही तिथे बसायची? मी सांगितलं. काका म्हणाले, शरम वाटते म्हणूनच बसतो.

आणि गुरुवारचा लिफाफा? तो चालूच राहिला, पण बारीक झाला. आता त्यात एकच पान असायचं. किनारा नाही, धोरण नाही, सात-आठ माणसं नाहीत. मच्छीमार बस्त्याव यांचं नाव आपल्या व जिल्ह्याच्या दप्तरातून काढून टाकावं, कारण ते नाव मी माझ्या चुकीने लिहिलं. एवढंच. कारण काहीही खुट्ट झालं की जीप पहिली बस्त्यावच्या दारात यायची. विरारला कुठे चोरटा माल सापडला, बस्त्यावला बोलवा. कुठे अनोळखी प्रेत वाहून आलं, बस्त्यावला बोलवा. एकदा नाव चढलं की ते उतरत नाही हे काकांइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी लिहायचे. पोचपावत्या यायच्या, शिक्का मारलेल्या. आता ते सह्या बघत नसत.

असं चार वर्षं चाललं. तोवर ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. देशात काय काय होऊन गेलं होतं, गोळ्या काय, बॉम्ब काय, विमानं काय, आणि एकेकाळी काकांना हसणारी माणसं आता बसमध्ये बेवारस पिशवी दिसली तरी दचकायची. काकांना कोणी म्हणालं की तुमचंच खरं ठरलं, तर ते वाडीत निघून जायचे.

आणि एके दिवशी दिल्लीहून लिफाफा आला. इनास तुस्कानो यांस. मी तो पोस्टमनकडे दिला नाही. पोस्ट बंद करून स्वतः घेऊन गेलो, इतका मला आनंद झाला होता. माझ्यासमोर त्यांनी तो फोडला, उभ्याउभ्या वाचला आणि माझ्या हातात दिला. टाईप केलेलं, सुबक, इंग्रजी. आपली किनारा-पहाऱ्याची योजना विचाराधीन आहे. मच्छीमारांचा उपयोग करून घेण्याची आपली सूचना मोलाची वाटते. तरी आपल्या भागातील विश्वासू मच्छीमारांची यादी, नाव, वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण व होडीचा नंबर यांसह, तीस दिवसांत पाठवावी. बस्त्यावचं नाव काढून टाकण्याबद्दल एक ओळही नव्हती. उलट तळाशी लिहिलं होतं, यादीत पहिलं नाव म्हणून आपण पूर्वी कळवलेल्या व्यक्तीचा समावेश करण्यात आला आहे.

मी म्हटलं, काका, अहो ऐकलं त्यांनी शेवटी. ते आत गेले. शर्ट घालून आले आणि म्हणाले, मास्तर, माझ्याबरोबर पाचूबंदरला चला, मी वाचून दाखवलं तर तो विश्वास ठेवणार नाही.

आम्ही गेलो. बस्त्याव एकटाच जाळं शिवत बसला होता. आम्हाला बघून उठला नाही, हीच त्याची मेहरबानी. मी पोस्टाचा माणूस म्हणून त्याने मला जागा दिली. काका उभेच राहिले. मी पत्र वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. तळाची ओळ त्याच्याबद्दलची होती, तीही सांगितली. त्याची सुई थांबली.

"आता तुमी काय करनार?" त्याने काकांना विचारलं. चार वर्षांनी तो त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलला.

"यादी पाठवणार नाही," काका म्हणाले. "यादी नको आणि योजनाही नको, ती मागे घेतो, असं लिहिणार. तुझं नाव त्यांनी काढलं नाही तर दर गुरुवारी लिहीत राहीन. दुसरं माझ्या हातात काही नाही, बस्त्याव."

ज्या उत्तरासाठी हा माणूस इतकी वर्षं माझ्या बाकावर बसला होता, ते उत्तर तो परत करत होता. मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. एवढी मेहनत, एवढं बरोबर असणं, सगळं खाडीत. आणि रागाच्या खालोखाल मला रडू येत होतं.

बस्त्यावने सुई जाळ्यात खोचली. मग त्याने जाळं बाजूला सरकवलं आणि काकांसाठी जागा केली. काका बसले. कोळणी आमच्याकडे बघत होत्या. भरती चढत होती. खूप वेळाने बस्त्याव हळूच, पाण्याकडेच बघत म्हणाला, "काका, तुमाला सांगतो. परवा पहाटे एक बोट आली व्हती. हाक मारली तर..."

काकांनी त्याच्या सुजून वाकड्या राहिलेल्या मनगटावर हात ठेवला.

"मला सांगू नकोस," ते म्हणाले. "सांगितलंस तर मी लिहीन."

बस्त्यावने जाळं परत ओढलं. त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

त्या महिन्यात माझी बदली पालघरला झाली आणि वर्षभरातच काका गेले, तेव्हा मला वेळेवर कळलंही नाही. म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते परतीच्या एस.टी.तलं. खिडकीशी बसले होते, मांडीवर ती फाईल. वसई सोडून गाडी बरीच पुढे आली, त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. मला वाटलं डोळा लागला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचे डोळे पहिल्या दिवशी होते तसे जागे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "कुठली असेल हो ती बोट?"

मी म्हटलं, काका, पडा जरा. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. उतरेपर्यंत ते झोपले नाहीत.